पेरिटोनिअल डायलिसिसच्या द्रवात औषध मिसळताना : सुसंगतता आणि स्थिरता

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी जमायला हव्यात :

१. पेरिटोनिअल डायलिसिसच्या द्रवात औषध का मिसळतात हे सांगणे.
२. भौतिक, रासायनिक आणि पात्राशी होणारी विसंगती यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करणे.
३. स्थिरतेच्या तक्त्यातील आकडा कोणत्या अटींवर खरा असतो हे ओळखणे आणि आपल्या रुग्णाच्या परिस्थितीशी तो ताडून पाहणे.

प्रस्तावना : जामुलमधील एक प्रसंग

अभ्यासासाठी एक काल्पनिक प्रसंग घेऊ. छत्तीसगडमध्ये भिलाईला लागूनच जामुल हे सिमेंट कारखान्याचे गाव आहे. कारखान्यांमुळे या भागात देशभरातील कुटुंबे येऊन स्थायिक झाली आणि त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. समजा, अशाच एका घरातील मावशींची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. त्यांचे वजन ६० किलो आहे. त्या घरीच दिवसातून चार वेळा २ लिटरच्या पिशवीने पेरिटोनिअल डायलिसिस करतात आणि मुलगा त्यांना मदत करतो. मे महिन्यात एके सकाळी पोटातून बाहेर आलेला द्रव ताकासारखा गढूळ दिसतो. पोटही दुखते आहे. रुग्णालयात तपासणी होते आणि पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या अस्तराचा जंतुसंसर्ग, असे निदान होते. डॉक्टर व्हँकोमायसिन आणि सेफ्टाझिडिम ही दोन प्रतिजैविके पिशवीतून द्यायचे ठरवतात.

मुलगा विचारतो, "रोज येणे जमणार नाही. दहा दिवसांच्या पिशव्या औषध घालून एकदमच दिल्या तर?" फार्मसीतील नवा सहकारी तक्ता उघडतो. त्यात व्हँकोमायसिनपुढे लिहिलेले असते, 'सामान्य तापमानाला २८ दिवस स्थिर'. तो म्हणतो, "देता येतील की!"

देता येतील का? पाठाच्या शेवटी हे उत्तर तुम्हीच द्यायचे आहे.

असा प्रश्न आपल्याकडे वारंवार येणार आहे. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात सुरुवातीला जिल्हा रुग्णालयांतील हिमोडायलिसिसवर भर होता. २०१९ मध्ये पेरिटोनिअल डायलिसिसच्या सेवेसाठीही मार्गदर्शक सूचना आल्या. छत्तीसगडमधील गरियाबंद जिल्ह्याचे सुपेबेडा हे गाव मूत्रपिंडाच्या आजारामुळे अनेक वर्षे बातम्यांत आहे. अशा दूरच्या गावांसाठी घरी करता येणारे डायलिसिस सोयीचे ठरते. पण उपचार घरी गेला की औषधही घरी जाते, आणि घरचे हवामान प्रयोगशाळेसारखे नसते.

१. द्रवात काय असते?

पेरिटोनियम हे पोटाच्या पोकळीचे आतले अस्तर आहे. मऊ नळीतून (कॅथेटरमधून) पोकळीत द्रव सोडला की रक्तातील युरियासारखी टाकाऊ द्रव्ये या अस्तरातून द्रवात उतरतात. द्रवातील ग्लुकोज परासरणाने जादा पाणी ओढून घेते. काही तासांनी द्रव काढून टाकतात आणि ताजा भरतात. या अदलाबदलीला एक्स्चेंज म्हणतात.

नेहमीच्या द्रवातील मुख्य घटक असे :

- डेक्स्ट्रोज : १.५, २.५ किंवा ४.२५ टक्के
- सोडियम : लिटरमागे सुमारे १३२ मिलिमोल
- कॅल्शियम : लिटरमागे १.२५ किंवा १.७५ मिलिमोल
- मॅग्नेशियम : अल्प प्रमाणात
- लॅक्टेट : लिटरमागे ३५ ते ४० मिलिमोल
- पोटॅशियम : नसते

या द्रवाचा सामू (पीएच) साधारण ५.२ ते ५.५ असतो, म्हणजे तो आम्लधर्मी असतो. असे मुद्दाम करतात. द्रव उष्णतेने निर्जंतुक करताना उदासीन सामूला ग्लुकोज अधिक विघटित होते आणि अपायकारक पदार्थ तयार होतात. आम्लधर्मी स्थितीत हे कमी होते. काही नव्या पिशव्यांत दोन कप्पे असतात. ते वापरण्याच्या वेळी एकत्र केले की सामू ७.४ च्या आसपास येतो. काही पिशव्यांत ग्लुकोजऐवजी ७.५ टक्के आयकोडेक्स्ट्रिन असते.

ही यादी नीट लक्षात ठेवा. मिसळलेल्या औषधाला इथे आम्ल, साखर, कॅल्शियम आणि प्लॅस्टिक या चारही गोष्टी भेटतात. शुद्ध पाण्यात टिकणारे औषध इथे टिकेलच असे नाही.

२. औषध पिशवीतूनच का?

पेरिटोनायटिसमध्ये जंतू पोकळीतच असतात. बाहेर आलेल्या द्रवात मायक्रोलिटरमागे १०० पेक्षा जास्त पांढऱ्या पेशी आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल असतील, तर संसर्गाचा दाट संशय घेतात. यासाठी द्रव पोटात किमान दोन तास राहिलेला असावा लागतो. प्रतिजैविक पिशवीतून दिले की ते संसर्गाच्या जागी थेट आणि मोठ्या संहतीत पोहोचते. म्हणूनच सर्वांगात संसर्ग पसरल्याची चिन्हे नसतील, तर आंतरराष्ट्रीय पेरिटोनिअल डायलिसिस संस्थेच्या मार्गदर्शक सूचना याच मार्गाला पसंती देतात.

औषध देण्याच्या दोन पद्धती आहेत. सततच्या पद्धतीत प्रत्येक पिशवीत थोडे औषध असते. खंडित पद्धतीत दिवसातून एकाच पिशवीत (किंवा व्हँकोमायसिनच्या बाबतीत काही दिवसांतून एकदा) पूर्ण मात्रा घालतात आणि तो द्रव पोटात किमान सहा तास ठेवतात. हा फरक विसरू नका. पुढचे सगळे गणित त्यावर उभे आहे.

प्रतिजैविकांखेरीज तंतुमय गुठळ्यांनी नळी तुंबू नये म्हणून हेपॅरिन (लिटरमागे ५०० युनिट), रक्तातील पोटॅशियम घटले तर पोटॅशियम क्लोराइड, आणि काही मधुमेही रुग्णांत साधे इन्सुलिन हेही द्रवात मिसळतात.

३. विसंगतीचे तीन प्रकार

*अ. भौतिक विसंगती.* दोन पदार्थ एकत्र आल्यावर अवक्षेप तयार होतो, द्रव गढूळतो किंवा रंग बदलतो. व्हँकोमायसिन आणि सेफ्टाझिडिम हे याचे उत्तम उदाहरण आहे. व्हँकोमायसिन हायड्रोक्लोराइड आम्लधर्मी द्रावणात चांगले विरघळते, पण आम्लारिधर्मी माध्यमात त्याचा अवक्षेप होऊ शकतो. सेफ्टाझिडिमच्या कुपीत औषध विरघळावे म्हणून सोडियम कार्बोनेट घातलेले असते. त्यामुळेच पाणी घालताच कुपीत बुडबुडे येतात. हे दोन्ही एकाच सिरिंजमध्ये ओढले की पांढरा साका दिसू शकतो. पण तीच औषधे एक लिटर किंवा त्याहून जास्त द्रवात एकामागून एक, वेगवेगळ्या सिरिंजने घातली तर ती सुखाने एकत्र राहतात, कारण भरपूर द्रवात दोन्हींची संहती खूप कमी होते. रिकाम्या किंवा जवळजवळ रिकाम्या पिशवीत मात्र ती एकत्र घालू नयेत.

म्हणजे 'व्हँकोमायसिन आणि सेफ्टाझिडिम सुसंगत आहेत का?' हा प्रश्न अपुरा आहे. कशात, किती द्रवात आणि कोणत्या क्रमाने, हे विचारल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही.

याच प्रकारात कॅल्शियमचाही विचार करा. द्रवात कॅल्शियम असल्यामुळे त्यात फॉस्फेट किंवा बायकार्बोनेटचे इंजेक्शन मनाने घालणे धोक्याचे असते, कारण कॅल्शियमचे अविद्राव्य क्षार तयार होऊ शकतात.

*आ. रासायनिक विसंगती.* इथे औषधाचा रेणूच बदलतो आणि बहुतेक वेळा डोळ्यांना काहीच दिसत नाही. जेंटामायसिनसारखी अमिनोग्लायकोसाइड आणि पेनिसिलिन गटातील औषधे एकाच पिशवीत घालू नयेत. पेनिसिलिनचे बीटा-लॅक्टम वलय अमिनोग्लायकोसाइडच्या अमिनो गटाशी अभिक्रिया करते आणि वलय उघडून तयार होणारे संयुग जंतूंवर निष्प्रभ असते. द्रव मात्र काचेसारखा स्वच्छ राहतो. व्हँकोमायसिन, अमिनोग्लायकोसाइड आणि सेफॅलोस्पोरिन यांच्याबाबत मार्गदर्शक सूचना सांगतात की ती एकाच पिशवीत मिसळली तरी त्यांची क्रियाशीलता टिकते. तेव्हा 'बीटा-लॅक्टम' या एकाच नावाखाली पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन यांना एकत्र ढकलू नका.

दुसऱ्या औषधाशिवायही औषध बिघडते. अँपिसिलिन ग्लुकोजच्या द्रावणात लवकर जलापघटित होते. सेफ्टाझिडिमचेही कालांतराने विघटन होते आणि त्यातून पिरिडिन हा अपायकारक पदार्थ सुटतो. म्हणून जुन्या पिशवीत परिणाम कमी होणे एवढाच तोटा नसतो.

*इ. पात्राशी विसंगती.* औषध पिशवीच्या किंवा नळीच्या प्लॅस्टिकला चिकटते. याला अधिशोषण म्हणतात. इन्सुलिन हे ठळक उदाहरण आहे. त्याचा काही भाग प्लॅस्टिकवरच राहत असल्याने पिशवीतून द्यायची मात्रा त्वचेखालील मात्रेपेक्षा जास्त लागते आणि ती रक्तशर्करा मोजत मोजत ठरवावी लागते. इथे आणखी एक सावधगिरी हवी. आयकोडेक्स्ट्रिन वापरणाऱ्या रुग्णाच्या रक्तात माल्टोज वाढते. काही प्रकारचे ग्लुकोमीटर त्यालाच ग्लुकोज समजतात आणि खोटा जास्त आकडा दाखवतात. त्या आकड्यावर इन्सुलिन दिले तर जिवावर बेतू शकते. म्हणून अशा रुग्णासाठी फक्त ग्लुकोजच ओळखणारी पट्टी वापरतात.

४. तक्ता कसा वाचावा?

डेक्स्ट्रोजयुक्त द्रवातील स्थिरतेबद्दल मार्गदर्शक सूचनांत दिलेले नेहमीचे आकडे असे :

- व्हँकोमायसिन, २५ मिग्रॅ/लिटर : सामान्य तापमानाला २८ दिवस
- जेंटामायसिन, ८ मिग्रॅ/लिटर : सामान्य तापमानाला किंवा फ्रिजमध्ये १४ दिवस, हेपॅरिन सोबत असल्यास हा काळ कमी होतो
- सेफॅझोलिन, ५०० मिग्रॅ/लिटर : सामान्य तापमानाला किमान ८ दिवस, फ्रिजमध्ये १४ दिवस, हेपॅरिनचा वाईट परिणाम नाही
- सेफ्टाझिडिम, १२५ मिग्रॅ/लिटर : सामान्य तापमानाला ४ दिवस, फ्रिजमध्ये ७ दिवस
- सेफ्टाझिडिम, २०० मिग्रॅ/लिटर : फ्रिजमध्ये १० दिवस
- सेफेपिम : फ्रिजमध्ये १४ दिवस

सेफेपिमची ओळ सोडली तर प्रत्येक ओळीत औषधाच्या नावासोबत संहती, तापमान आणि काळ आहे. जेंटामायसिन व सेफॅझोलिनच्या ओळींत सोबतच्या औषधाचाही उल्लेख आहे. घाईत आपण फक्त नाव आणि दिवस वाचतो. आता उरलेले दोन रकाने वाचू.

संहती. मावशींना खंडित पद्धतीने औषध द्यायचे आहे. व्हँकोमायसिनची मात्रा किलोमागे १५ ते ३० मिग्रॅ असते. आपण २५ धरू.

२५ × ६० = १५०० मिग्रॅ, तेही २ लिटर द्रवात. संहती ७५० मिग्रॅ/लिटर.

तक्त्यातील २५ मिग्रॅ/लिटर हा सततच्या पद्धतीतील आकडा आहे. आपली पिशवी त्याच्या ३० पट संहत आहे. तक्त्यातील २८ दिवस या पिशवीबद्दल काहीच सांगत नाहीत. इतरांचेही तसेच पाहा. सेफ्टाझिडिम १००० मिग्रॅ २ लिटरमध्ये म्हणजे ५०० मिग्रॅ/लिटर, तक्त्यात १२५ आणि २००. जेंटामायसिन किलोमागे ०.६ मिग्रॅ प्रमाणे ३६ मिग्रॅ, म्हणजे १८ मिग्रॅ/लिटर, तक्त्यात ८. सेफॅझोलिन किलोमागे १५ मिग्रॅ प्रमाणे ९०० मिग्रॅ, म्हणजे ४५० मिग्रॅ/लिटर. हा एकच आकडा तक्त्यातील ५०० च्या जवळ जातो.

तापमान. 'सामान्य तापमान' म्हणजे कुठले? प्रयोगशाळेत ते सहसा २० ते २५ अंश सेल्सिअस धरतात. मे महिन्यात दुर्ग, भिलाई आणि रायपूरच्या पट्ट्यात पारा सहज ४० च्या वर जातो. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीची कल्पना तुम्हीच करा. व्हँकोमायसिनच्या नोंदीसोबतच मार्गदर्शक सूचना बजावतात की हवेचे तापमान जास्त असेल तर स्थिरतेचा काळ घटतो.

किती घटतो? रसायनशास्त्रातील ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढले की अभिक्रियेचा वेग दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो. दुप्पट धरून अंदाज करू :

- २५ अंशांना २८ दिवस
- ३५ अंशांना सुमारे १४ दिवस
- ४५ अंशांना सुमारे ७ दिवस

हाच हिशेब सेफ्टाझिडिमला लावला, तर २५ अंशांचे ४ दिवस ४५ अंशांना एका दिवसावर येतात. हे आकडे मोजलेले नाहीत. धोका किती मोठा आहे हे कळावे म्हणून काढलेला हा अंदाज आहे. रुग्णाच्या पिशवीवर असा अंदाजित दिनांक कधीही लिहू नका.

५. रासायनिक स्थिरता म्हणजे निर्जंतुकता नव्हे

तक्ता सांगतो की औषधाचा रेणू किती दिवस टिकतो. सुई टोचताना पिशवीत जंतू शिरला का, हे तो सांगत नाही. पिशवीत साखर आहे. उष्ण खोलीत दहा दिवस ठेवलेल्या पिशवीत एखादा जंतू शिरला असेल, तर तो तिथे वाढू शकतो. त्यामुळे कृती काटेकोर हवी :

१. हात धुऊन, मास्क लावून, पंखा बंद करून स्वच्छ जागेत काम करावे.
२. पिशवीचे औषध घालायचे तोंड ७० टक्के अल्कोहोल, क्लोरहेक्सिडिन किंवा पोव्हिडोन आयोडिनने ५ मिनिटे निर्जंतुक करावे.
३. प्रत्येक औषधासाठी वेगळी सिरिंज आणि वेगळी सुई घ्यावी.
४. एक औषध घालून पिशवी हळुवार हलवून मिसळावी, मगच दुसरे घालावे.
५. उजेडात धरून साका, गढूळपणा, रंग आणि गळती पाहावी. *आत जाणारा* द्रव गढूळ असेल तर ती पिशवी वापरू नये. *बाहेर येणारा* द्रव गढूळ असेल तर ते रोगाचे लक्षण समजून डॉक्टरांना कळवावे.
६. औषध, मात्रा, मिसळल्याची वेळ आणि मिसळणाऱ्याचे नाव पिशवीवर लिहावे.
७. फ्रिजमधील पिशवी वापरण्याआधी कोरड्या उष्णतेने शरीराच्या तापमानापर्यंत आणावी. गरम पाण्यात बुडवू नये, मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये आणि अंगणात उन्हातही ठेवू नये.

६. पुन्हा जामुलकडे

आता मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देऊ.

व्हँकोमायसिनची पिशवी साठवायची गरजच नाही. खंडित पद्धतीत ते साधारण ५ ते ७ दिवसांतून एकदा देतात. पुढची मात्रा रक्तातील पातळी पाहून ठरवता येते. तेव्हा रुग्णालयात येऊन ताजी पिशवी घेणे शक्य आहे.

अडचण आहे ती रोज लागणाऱ्या सेफ्टाझिडिमची. ५०० मिग्रॅ/लिटर संहतीची दहा दिवसांची पिशवी उष्ण खोलीत ठेवण्याला तक्त्यात काहीही आधार नाही. वीज जाणाऱ्या घरातील फ्रिजवरही दहा दिवस भिस्त ठेवता येत नाही. अशा वेळी औषध कोरड्या पावडरच्या रूपात घरी द्यावे, कुपीवर छापलेल्या तापमानाला ते ठेवायला सांगावे आणि रोज वापरण्याआधी ताजे मिसळायला मुलाला शिकवावे. त्याच्याकडून ती कृती आपल्यासमोर दोन-तीनदा करून घ्यावी. 'दोन औषधे असतील त्या दिवशी दोन सिरिंज' हे त्याला पुन्हा पुन्हा सांगावे, कारण एक सुई वाचवावी असे कोणालाही वाटू शकते. हे जमणार नसेल, तर जवळच्या आरोग्य केंद्रात रोज मिसळून घेणे किंवा डॉक्टरांशी बोलून दुसरे औषध निवडणे हे पर्याय उरतात.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? योग्य प्रतिजैविके देऊनही पाच दिवसांत द्रव स्वच्छ होत नसेल, तर सहसा कॅथेटर काढावा लागतो. मग रुग्णाला हिमोडायलिसिसकडे वळावे लागते आणि काहींना घरच्या उपचाराकडे परतता येत नाही. आता कल्पना करा की मावशींच्या पिशवीतील औषध सहाव्या दिवसापासून अर्धेच उरले होते. तपासणीत ते दिसत नाही. नोंद होते 'औषधाला दाद न देणारा जंतू'. चूक जंतूची नव्हती, औषध पिशवीतच संपले होते. ही चूक नंतर कोणालाही शोधता येत नाही, म्हणून ती मिसळण्याआधीच टाळावी लागते.

सारांश

- सुसंगतता ठरवताना दोन औषधांची नावे पुरत नाहीत. संहती, द्रवाचा प्रकार, पात्र, तापमान, काळ आणि मिसळण्याचा क्रम हे सगळे पाहावे लागते.
- स्वच्छ दिसणारा द्रव सुसंगत असेलच असे नाही.
- तक्त्यातील दिवस त्याच ओळीतील संहती आणि तापमानापुरतेच खरे असतात.
- औषध रासायनिकदृष्ट्या टिकले तरी पिशवी निर्जंतुक राहिलीच असे नाही.
- शंका असेल तेव्हा ताजे मिसळा.

स्वाध्याय

१. व्हँकोमायसिन आणि सेफ्टाझिडिम एका सिरिंजमध्ये विसंगत, पण दोन लिटर द्रवात सुसंगत का ठरतात? सामू आणि संहती यांच्या आधारे स्पष्ट करा.
२. ५० किलो वजनाच्या रुग्णाला जेंटामायसिन किलोमागे ०.६ मिग्रॅ प्रमाणे २ लिटरच्या पिशवीतून द्यायचे आहे. संहती काढा. त्याच पिशवीत हेपॅरिनही घालायचे असेल, तर ती पिशवी साठवण्याबद्दल तुमचा सल्ला काय असेल?
३. एका परिचारिकेने अँपिसिलिन आणि जेंटामायसिन एकाच पिशवीत घातले. द्रव स्वच्छ आहे. पिशवी वापरावी का? कारण द्या.
४. तुमच्या गावातील मे आणि जानेवारी महिन्यांतील घरातले तापमान आठवडाभर नोंदवा. तक्त्यातील 'सामान्य तापमान' त्यांपैकी कोणत्या दिवशी, किती तास मिळाले ते लिहा.